साथ सर्वांना, सूचना मूठभरांना!

मार्च महिन्यातल्या तीन तारखा एकापाठोपाठ एक येतात. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यात सापडले. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोना ही जागतिक महासाथ असल्याचे जाहीर केले. मधली १० मार्च ही तारीख मात्र १८९७ सालची आहे. त्या दिवशी त्याच पुण्यात, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता प्लेगचीच लागण होऊन क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांचे निधन झाले. ९ आणि ११ तारखेची आठवण आता कोणाला फारशी उरलेली नाही. १० तारखेला आपण माईंच्या प्रतिमेला हार घालतो, दोन भाषणे ऐकतो आणि घरी जातो. या तीन तारखा एकत्र वाचल्या पाहिजेत असे आमचे स्पष्ट मत आहे. साथ आली की सरकार कोणाशी बोलते, कोणत्या भाषेत बोलते आणि कोणाच्या दारापर्यंत येते, हा प्रश्न १८९७ मध्येही होता, २०२१ मध्येही होता आणि पुढची साथ येईल तेव्हाही असणार आहे.

पुण्याच्या प्लेगचा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांनी कसा शिकवला ते आठवून पाहा. प्लेग म्हटले की रँड, गोऱ्या सोजिरांनी केलेली घरझडती, चापेकर बंधू आणि २२ जून १८९७ ची ती रात्र. सोजिरांनी जुलूम केला यात शंका नाही. पण त्याच वर्षी, त्याच शहराबाहेर माईंनी आपला डॉक्टर मुलगा यशवंत याला बोलावून घेतले, हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात दवाखाना सुरू केला आणि मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेग झालेल्या मुलाला स्वतः पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आणले. तो मुलगा वाचला, माई गेल्या. सहासष्ट वर्षांच्या बाईने अस्पृश्य समजल्या गेलेल्या जातीतले आजारी पोर पाठीवर घेणे ही घटना पाठ्यपुस्तकाला एका ओळीची आणि बंदुकीची गोळी एका धड्याची वाटत असेल, तर ते पाठ्यपुस्तक कोणी लिहिले हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

याच १८९७ सालच्या फेब्रुवारीत इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. चार-पाच कलमांचा हा छोटा कायदा. सरकारने काय काय करावे, लोकांना कसे अडवावे, कोणाला शिक्षा करावी हे त्यात आहे. लोकांना माहिती देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, रुग्णाला काही हक्क आहेत, असे त्यात एक अक्षर नाही. इंग्रज गेले, बाबासाहेबांनी संविधान दिले, सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्यसंस्थेचे आद्य कर्तव्य आहे असे ४७ व्या अनुच्छेदात लिहिले गेले. तरीही मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू झाला तो तोच १८९७ चा कायदा! १२३ वर्षांत या देशाच्या राज्यकर्त्यांना रुग्णाच्या हक्काचा एक कायदा या जागी आणता आला नाही.

कायद्याचीच भाषा मग सूचनांमध्ये उतरली. आठवा, पहिली सूचना कोणती होती? ‘सामाजिक अंतर ठेवा.’ बसथांब्यावर, रेशन दुकानावर, मोबाइलच्या कॉलर ट्यूनवर, सगळीकडे हेच. ज्या समाजाला हजारो वर्षे सामाजिक अंतरावरच ठेवले गेले, सावलीचाही विटाळ मानला गेला, त्याला हे शब्द ऐकताना काय वाटले असेल याचा विचार मंत्रालयात बसलेल्या एकाही बाबूने केला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘सामाजिक’ हा शब्द सोडून ‘शारीरिक अंतर’ म्हणायला सुरुवात केली. आपल्याकडे मात्र पुढे कित्येक महिने फलक तसेच लटकत राहिले. काही जणांना हा शब्दांचा खेळ वाटेल. तो तसा नाही. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत नोंदवली आहे. बाळंतपणानंतर त्याची बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. आला तेव्हा त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले. ते परतही त्याच वाटेने गेले. डॉक्टरने लांबूनच न्यूमोनिया सांगितला आणि ती बाई मेली. अंतर ठेवून केलेले औषधपाणी म्हणजे काय असते, हे आपल्या लोकांना कोरोनाने शिकवण्याची गरज नव्हती.

बरे, अंतर ठेवायचे तर ते कुठे? मुंबई महापालिकेने जुलै २०२० मध्ये तीन प्रभागांतल्या रक्ततपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. झोपडपट्टीत तपासलेल्यांपैकी ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोना होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. इमारतींमध्ये राहणाऱ्यांत हेच प्रमाण १६ टक्के होते. शहर एकच, महिनाही एकच, पण नाल्याच्या अलीकडे ५७ आणि पलीकडे १६. दहा बाय दहाच्या खोलीतली सात माणसे आणि शेकडोंसाठी असलेले सार्वजनिक शौचालय, हे त्यामागचे कारण समजायला डॉक्टर असण्याची गरज नाही. ‘वेगळ्या खोलीत राहा, वेगळे शौचालय वापरा’ ही सूचना ज्याने लिहिली, त्याच्या डोळ्यांसमोर कोणते घर होते? तरीही धारावीत साथ आटोक्यात आली. तिथे सूचना फक्त छापली गेली नाही. माणसे गल्लीत गेली, घरोघर ताप तपासला, शौचालये दिवसातून अनेक वेळा धुतली, शाळा आणि सभागृहे विलगीकरणासाठी उघडली. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेऊन कौतुक केले. म्हणजे वस्तीतले लोक ऐकत नाहीत ही पांढरपेशांची आवडती तक्रार खोटी होती. वस्तीपर्यंत कोणी आले की वस्ती ऐकते.

आता लसीकडे येऊ. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले. दिल्लीच्या एम्स रुग्णालयात त्या दिवशी पहिली लस एका सफाई कर्मचाऱ्याला देण्यात आली. फोटो देशभर छापून आला. आम्हाला त्या फोटोचा आनंद झाला, नाही म्हणत नाही. पण सफाई कामगाराला फोटोत पहिला नंबर देणाऱ्या व्यवस्थेने यादीत कोणता नंबर दिला, हे पाहिले पाहिजे. पहिल्या टप्प्यात नावे कार्यालयांनी पाठवायची होती. जो महापालिकेच्या आस्थापनेवर कायम आहे त्याचे नाव जाणार. जो ठेकेदाराकडे आहे, ज्याचे नाव हजेरीपटावर आज एक आणि उद्या दुसरे असते, जो गटारात उतरतो पण कागदावर कुठेच उतरत नाही, त्याचे नाव कोण पाठवणार? आणि अशा कामात कोणत्या जातीची माणसे आहेत?

१ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली, आणि खरा खेळ इथून सुरू झाला. या वयोगटासाठी कोविन नावाच्या पोर्टलवर आधी नोंदणी करणे सक्तीचे केले गेले. पोर्टल तेव्हा इंग्रजीत. मराठी, हिंदी आणि इतर भारतीय भाषा त्यावर आल्या त्या जून २०२१ मध्ये, म्हणजे दुसरी लाट हजारो घरे उजाड करून गेल्यावर. नोंदणीसाठी स्मार्टफोन हवा, इंटरनेट हवे, ओटीपी आल्यावर तो वेळेत टाकता यायला हवा. जागा खुल्या झाल्या की दोन-चार मिनिटांत संपायच्या. कार्यालयात किंवा घरी संगणकापुढे बसलेला तरुण बोट टेकवून जागा पटकावणार आणि नाक्यावर कामाची वाट पाहणारा मजूर, दिवसभर चार घरची धुणीभांडी करणारी बाई संध्याकाळी विचारणार, ‘लस कुठं मिळते?’ एवढेच नव्हे तर मुंबई-पुण्यातले लोक गाड्या करून आसपासच्या ग्रामीण केंद्रांवर जाऊन लस घेऊन आले, आणि ज्या गावात केंद्र होते त्या गावचा माणूस रांगेबाहेर उभा राहून पाहत राहिला. पोर्टलला गाव कळत नाही, त्याला फक्त बोट कळते.

शिवाय दर. केंद्राच्या त्या धोरणात निम्मी लस राज्ये आणि खासगी रुग्णालये यांनी विकत घ्यायची होती. पुढे जून २०२१ मध्ये खासगी रुग्णालयांसाठी कमाल दर ठरवले गेले, ते कोविशिल्डसाठी ७८० रुपये आणि कोव्हॅक्सिनसाठी १,४१० रुपये. दोन डोस, घरात तीन प्रौढ, हिशेब ज्याचा त्याने करावा. महाराष्ट्र सरकारने १८ ते ४४ वयासाठी मोफत लसीची घोषणा केली खरी, पण लसच नव्हती. १२ मे रोजी या वयोगटाचे लसीकरण राज्याला थांबवावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात या विकतच्या धोरणाला मनमानी आणि तर्कहीन ठरवले आणि ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी काय करायचे, असा सवाल केला. त्यानंतर २१ जूनपासून केंद्राने १८ वर्षांवरील सर्वांसाठी मोफत लस सुरू केली. हा सरकारचा मोठेपणा नव्हता, न्यायालयाचा रेटा होता. संविधानाचे १४ वे आणि २१ वे कलम नसते तर ओटीपीवाल्यांचे राज्य तसेच चालू राहिले असते.

मुद्दा समजून घेण्यासाठी १९२३ सालापर्यंत मागे जावे लागेल. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदे कौन्सिलने मंजूर केला. सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह या ठरावामुळे झाला हे आपल्याला पाठ आहे. पण त्या ठरावात शाळा, कोर्ट, कचेऱ्या यांच्याबरोबर दवाखानेही होते, हे आपण विसरतो! सरकारी दवाखान्याचे दारही अस्पृश्यांना कागदावर उघडावे लागले होते. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले असल्याचा ठराव केला. तळे खुले झाले का? कागदावर झाले. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले तेव्हा झाले. त्यासाठी आपल्या लोकांनी डोकी फोडून घेतली.

कोविन पोर्टल हे २०२१ मधले चवदार तळे होते. कोणालाही मनाई नव्हती. जातीचा दाखला कोणी मागत नव्हते. सर्वांना खुले. पण पाण्यापर्यंत जाणारी वाट कोणत्या मोहल्ल्यातून जाते, हे ज्याने आखले त्यालाच ठाऊक होते. मे २०२१ मध्ये ओळखपत्र नसलेल्यांसाठी केंद्राने वेगळी कार्यपद्धती काढली. तिच्यात तुरुंगातले कैदी, वृद्धाश्रमातले लोक, रस्त्यावरचे भिकारी यांच्याबरोबर भटक्यांचाही उल्लेख होता, आणि भटक्यांच्या पुढे कंसात साधू-संत! पारधी, कैकाडी, वडार, मसणजोगी, डोंबारी यांच्यासाठी दिल्लीच्या कागदावर स्वतंत्र जागा नाही. भटका म्हटल्यावर दिल्लीला साधू आठवतो. विमुक्तांच्या पालावर आधार कार्ड नाही, रेशन कार्ड नाही, मग लस तरी कशी पोहोचणार?

वाट अशी बंद ठेवायची आणि जो पोहोचला नाही त्याला वर शिक्षाही करायची. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच प्रवेश मिळू लागला. कोविशिल्डच्या दोन डोसमधले अंतर तोपर्यंत १२ ते १६ आठवड्यांवर गेले होते. ज्याला जूनअखेर पहिला डोस मिळाला त्याला ऑक्टोबरपर्यंत लोकल नाही. म्हणजे कल्याण-अंबरनाथ-नालासोपाऱ्याहून घरकामाला येणाऱ्या बाईने, सुरक्षारक्षकाने, हमालाने बसने जायचे, तिप्पट पैसे आणि दुप्पट वेळ घालवायचा. लस उशिरा मिळाली यात तिचा दोष काय होता? पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कोणावरही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही आणि राज्यांनी लस न घेतलेल्यांवर घातलेली बंधने प्रमाणाला धरून नाहीत. पण तोवर किती जणींची कामे सुटली होती, याची नोंद कोणाकडे आहे?

नोंदीचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकू. दोन वर्षे रोज संध्याकाळी आकडे जाहीर झाले. इतके बाधित, इतके बरे, इतके मृत, इतके डोस. १०० कोटी डोसचा उत्सव झाला, २०० कोटींचा झाला. वय, लिंग, जिल्हा, लसीचे नाव सगळे कोविनला माहीत. अनुसूचित जातींतल्या किती लोकांना लस मिळाली, जमातींतल्या किती, भटक्या-विमुक्तांतल्या किती? हा रकानाच नव्हता. अमेरिकेत कृष्णवर्णीय किती मेले, त्यांना लस किती मिळाली हे वंशनिहाय जाहीर होत होते, म्हणून तिथल्या चळवळीला सरकारची गचांडी धरता आली. इथे विषमता मोजायचीच नाही, म्हणजे ती नाही असे म्हणता येते. जातनिहाय जनगणनेला वर्षानुवर्षे विरोध करणाऱ्यांचे आणि आरोग्याच्या आकड्यांत जात नको म्हणणाऱ्यांचे डोके एकच आहे. मृतांच्या आकड्याचीही तीच गत. २०२१ अखेरपर्यंत सरकारी मोजणीत सुमारे ४ लाख ८० हजार मृत्यू होते, जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सुमारे ४७ लाखांचा होता. सरकारने तो फेटाळला. आकड्यांचा वाद शास्त्रज्ञ करतील. आम्हाला एवढेच विचारायचे आहे की, दाखल्यावर कोरोना लिहिलेले नव्हते म्हणून ज्या विधवेला पन्नास हजारांच्या मदतीसाठी खेटे घालावे लागले, ती कोणत्या आकड्यात धरायची?

इथे आपल्या समाजाबद्दल एक गोष्ट अभिमानाने लिहिली पाहिजे, कारण दुसरे कोणी लिहिणार नाही. १४ एप्रिल २०२० आणि १४ एप्रिल २०२१, सलग दोन वर्षे तमाम आंबेडकरी जनतेने बाबासाहेबांची जयंती घरात साजरी केली. ६ डिसेंबर २०२० रोजी लाखो लोक चैत्यभूमीवर गेले नाहीत. ज्यांचे आईवडील एकही महापरिनिर्वाण दिन चुकवत नव्हते, त्यांनी घरातच मेणबत्ती लावली. कोणी सक्ती केली म्हणून नव्हे, तर साथ कशी पसरते हे समजले म्हणून. आणि त्याच १४ एप्रिल २०२१ रोजी, ज्या दिवशी रात्री आठपासून महाराष्ट्रात संचारबंदी लागू झाली, त्याच दिवशी हरिद्वारला कुंभमेळ्यात शाही स्नान चालू होते आणि लाखोंची गर्दी गंगेत उतरत होती! अडाणी कोण आणि शहाणे कोण? शिस्त नसलेला समाज कोणता? थाळ्या वाजवून आणि दिवे लावून विषाणू पळवायला निघालेला देश आंबेडकरी वस्त्यांना विज्ञान शिकवायला येतो, तेव्हा हसावे की रडावे ते कळत नाही.

जाता जाता एक सांगतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्य सरकारने लसीकरणाची मोहीम काढली. नाव ठेवले ‘मिशन कवच कुंडल’. कवचकुंडले कर्णाची. सूतपुत्र म्हणून हिणवलेल्या कर्णाची. आणि ती काढून नेली कोणी? ब्राह्मणाचा वेश घेऊन आलेल्या इंद्राने! नाव ठेवणाऱ्याला ही गोष्ट पूर्ण माहीत होती की नाही कोण जाणे.

पण अभिमानाबरोबर आपल्या घरातला केरही काढावा लागेल. लसीबद्दलच्या अफवा आपल्या वस्त्यांतही फिरल्या. लस घेतली की मूल होत नाही, लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, गरिबांना संपवण्याचा हा डाव आहे, असे संदेश आपल्याच मोबाइलवरून पुढे गेले. व्यवस्थेवरचा अविश्वास आम्ही समजू शकतो, तो अनुभवातून आलेला आहे. मात्र ज्या व्यवस्थेने तुम्हाला पाण्यापासून रोखले तिच्यावर राग म्हणून पाणीच न पिणे, याला आंदोलन म्हणत नाहीत. लसीचे दुष्परिणाम असतात. कोविशिल्डमुळे फार थोड्या लोकांमध्ये रक्तात गुठळ्या होण्याचा विकार झाला, हे शास्त्रज्ञांनी २०२१ मध्येच नोंदवले होते. ते लपवू नये, तक्रार नोंदवण्याची सोय प्रत्येक केंद्रावर असावी, नोंदलेले आकडे जाहीर व्हावेत ही आपली मागणी असली पाहिजे. तीच मागणी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये मान्य केली. कालामांना तथागतांनी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका असे सांगितले. मोबाइलवर आलेला निनावी संदेश ही ऐकीव गोष्ट नाही तर काय आहे?

या दुर्लक्षाची किंमत लहान पोरांनी मोजली. टाळेबंदीच्या काळात अंगणवाड्या बंद, आरोग्यसेविका कोरोनाच्या कामावर, लोक गावाला गेलेले, बाळाच्या नेहमीच्या लसी राहून गेल्या. जगभरात २०२१ या एका वर्षात सुमारे चार कोटी मुलांचा गोवराच्या लसीचा डोस चुकला. आपल्याकडे हे कर्ज ऑक्टोबर २०२२ मध्ये वसूल झाले. गोवंडीत गोवर पसरला, पाठोपाठ भिवंडी आणि मालेगावात. मुले दगावली. ही दलित, मुस्लिम, कष्टकरी यांची वस्ती. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराखाली राहणारी. कोरोनाच्या काळात संध्याकाळी सातला आकडे सांगणारी यंत्रणा या पोरांच्या बाबतीत मात्र मुले मेल्यावर जागी झाली.

आणि गोवराचे नाव निघाले की आपल्यातही अजून काय होते? ‘देवी आली’ म्हणतात. लिंबाचा पाला बांधतात, फोडणी बंद, डॉक्टरकडे न्यायचे नाही, देवी कोपेल! बावीस प्रतिज्ञा घेऊन तेहतीस कोटी देवांना घराबाहेर काढले आणि पोराला पुरळ आले की एक देवी मागच्या दाराने परत आत. गोवर हा विषाणूचा आजार आहे. तो न्यूमोनियात, जुलाबात उतरतो आणि कुपोषित मुलाचा जीव घेतो. गोवर झालेल्या मुलाला डॉक्टरकडे नेऊन जीवनसत्त्व ‘अ’चे डोस द्यायचे असतात. आणि तो होऊच नये म्हणून बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस द्यायचा असतो. सरकारी केंद्रावर तो मोफत आहे. राहून गेला असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येतो. हे वाक्य ज्या घरात लहान मूल आहे त्या घरात वाचून दाखवावे.

हे सांगायला दारात येते कोण? आशा. राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशांनी कोरोनात घरोघर जाऊन ताप मोजला, ऑक्सिजन मोजला, शिव्या खाल्ल्या. सरकार त्यांना कामगार म्हणत नाही, ‘स्वयंसेविका’ म्हणते, म्हणजे पगार द्यायला नको. जून २०२१ मध्ये त्या संपावर गेल्या तेव्हा कुठे दीड हजाराची वाढ पदरात पडली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. यात आपल्या बहुजन लेकीबाळी किती आहेत हे वस्तीत राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. माईंचे काम आज कोण पुढे नेत आहे असा प्रश्न १० मार्चच्या व्यासपीठावरून विचारला जातो. तिला व्यासपीठावर बोलवा की! आणि तिच्या पगाराच्या मागणीवर आपल्या संघटनेचे पत्र जाऊ द्या.

अधिकारी मनावर घेतो तेव्हा काय होते हे नंदुरबारने दाखवले. डोंगराळ, आदिवासी, मागास म्हणून हिणवलेला जिल्हा. भिल्ल समाजातून आलेले जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच ऑक्सिजनचे प्रकल्प उभे केले. एप्रिल २०२१ मध्ये मोठमोठी शहरे श्वासासाठी तडफडत होती तेव्हा नंदुरबारची चर्चा देशभर झाली. आरक्षणामुळे गुणवत्ता घसरते म्हणणाऱ्यांनी त्या महिन्यात नंदुरबारकडे पाहायला हवे होते.

सरकारकडे मागायच्या गोष्टी मागितल्याच पाहिजेत. १८९७ च्या कायद्याच्या जागी रुग्णाचे आणि माहितीचे हक्क सांगणारा कायदा, आरोग्याच्या नोंदीत सामाजिक प्रवर्गाचा रकाना, नोंदणीशिवाय थेट केंद्रावर लस, ठेका सफाई कामगारांची नावानिशी यादी, पालांवर आणि पाड्यांवर त्या लोकांच्या बोलीत सूचना. यासाठी निवेदने, मोर्चे, न्यायालय, सगळे मार्ग आहेत. पण बाबासाहेबांनी नुसते निवेदन देऊन तळे खुले केले नाही.

या राज्यातल्या बहुतेक वस्त्यांत आज बुद्ध विहार आहे. रविवारी वंदना होते, नंतर विहाराला कुलूप. या विहारात एक वही ठेवायला किती खर्च येतो? वस्तीतले पाच वर्षांखालचे प्रत्येक मूल, त्याचे लसीकरणाचे कार्ड आहे की नाही, कोणता डोस राहिला आहे. साठीच्या पुढची माणसे, रक्तदाब-मधुमेहाचे रुग्ण. गटारात, कचऱ्यात काम करणारे कोण आणि त्यांचा ठेकेदार कोण. ज्यांच्याकडे एकही ओळखपत्र नाही असे कोण. एवढी वही तयार असली तर उद्या साथ आली आणि पोर्टल कितीही इंग्रजी असले तरी वस्तीतली चार शिकलेली पोरे एका रात्रीत सगळ्यांची नोंदणी करू शकतील, आणि आकडे लपवणाऱ्या सरकारसमोर आपल्याकडे आपले आकडे असतील. विहाराच्या फळ्यावर वंदनेच्या वेळेखाली आशाताईंचे नाव आणि अंगणवाडीत लसीकरण कोणत्या वारी असते तो वार लिहावा. महिला मंडळांनी हे काम हाती घ्यावे, ते पुरुषांपेक्षा नीट करतील.

१० मार्चपासून १४ एप्रिलपर्यंत पस्तीस दिवस आहेत. जयंतीच्या वर्गणीसाठी कार्यकर्ते यंदाही घरोघर जातीलच. पावतीपुस्तक काढायच्या आधी त्यांनी दारात एकच प्रश्न विचारावा, ‘बाळाचं कार्ड दाखवा.’ ज्या घरात गोवराचा दुसरा डोस राहिला असेल त्या घराच्या पावतीवर खूण करावी आणि पुढच्या लसीकरणाच्या वारी त्या आईसोबत अंगणवाडीत जावे.